रिकामे फ्लॅट आणि फुटपाथवरची माणसं: घरभागीदारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरभागीदारी म्हणजे रिकाम्या फ्लॅटचा मालक, मधली एक संस्था आणि बेघर कुटुंब यांना भाड्याच्या करारातून जोडणं. त्याबद्दलचे हे प्रश्न सोसायट्यांचे सेक्रेटरी, दुसरा फ्लॅट कुलूप लावून ठेवलेले मालक, छोटे बिल्डर, सीएसआरचं (कंपनीच्या सामाजिक कामांवरच्या खर्चाचं) काम बघणारे अधिकारी आणि कधीकधी नुसतेच त्रासलेले शेजारी विचारतात. उत्तरं मुख्यतः मुंबई आणि आसपासच्या शहरांना धरून दिली आहेत. कायद्याचा भाग आला की करारावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा, हे सगळीकडे गृहीत धरा.

बेघर म्हणजे नक्की कोण? झोपडपट्टीतले लोक त्यात येतात का?

नाही येत. जनगणनेच्या लेखी बेघर म्हणजे ज्याला ‘घर’ म्हणावं असा आडोसाच नाही तो: फुटपाथवर, पुलाखाली, स्टेशनच्या फलाटावर, सिमेंटच्या पाइपात, देवळाच्या मंडपात, जिन्याखाली झोपणारा. अशा लोकांची मोजणी २०११ मध्ये २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्रीत झाली. देशात १७.७ लाख, महाराष्ट्रात दोन लाखांहून थोडे जास्त आणि बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार असा आकडा निघाला. एका रात्रीत टॉर्च घेऊन फिरणाऱ्या माणसाला जेवढे दिसले तेवढे हे लोक आहेत. कॅटरिंगच्या कामावर रात्रपाळीला गेलेला, बंद दुकानाच्या शटरमागे झोपलेला किंवा पोलिसांच्या धाकाने त्या रात्री दुसरीकडे सरकलेला माणूस या आकड्यात नाही.

झोपडी कितीही वाईट असली तरी तिला दार असतं, लाइट मीटर असतो, रेशनकार्डावर टाकायला पत्ता असतो. आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या गृहयोजना त्या पत्त्यापासून सुरू होतात. फुटपाथवरच्या माणसाची गाडी नेमकी तिथेच अडते.

पण हे सगळे एकाच प्रकारचे लोक आहेत का?

मुळीच नाहीत. भायखळा, रे रोड, माहीम भागात अशी कुटुंबं आहेत ज्यांची तिसरी पिढी त्याच फुटपाथवर जन्मली. दुसरे नाका कामगार. सकाळी नाक्यावर उभे राहायचं, काम मिळालं तर जायचं, पैसे गावी पाठवायचे आणि खोलीचं भाडं वाचवायला बाहेर झोपायचं. तिसरी, सिग्नलवर गजरे आणि फुगे विकणारी पारधी कुटुंबं. मग घरातून बाहेर काढलेले म्हातारे, नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून निघालेल्या बायका, पळून आलेली मुलं, मानसिक आजारात वाट चुकलेली माणसं. आणि परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास बंगाल, बिहार, विदर्भातून आलेले कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक. यांचं गावाकडे व्यवस्थित घर असतं. केमोच्या दोन फेऱ्यांमध्ये इथे राहायला जागा नसते, एवढंच.

नाका कामगाराला खाट आणि लॉकर हवा असतो, तीन पिढ्यांच्या कुटुंबाला कायमची खोली हवी असते आणि पेशंटला सहा महिन्यांची. ‘बेघरांसाठी एक योजना’ असं कुणी म्हणालं की आधी विचारावं, यातल्या कोणासाठी?

महापालिकेचे रात्र निवारे आहेत की. ते पुरत नाहीत का?

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशांपासून निकष ठरलेला आहे: शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, वर्षभर आणि दिवसरात्र उघडा. दीनदयाळ अंत्योदय योजनेतल्या शहरी बेघर निवाऱ्याच्या नियमांत प्रत्येक निवाऱ्यात ५० ते १०० माणसांची सोय आणि माणशी ५० चौरस फूट जागा धरली होती. मुंबईची २०११ ची लोकसंख्या १.२४ कोटी. म्हणजे सव्वाशेच्या घरात निवारे हवेत. मुंबई त्याच्या आसपासही नाही.

संख्या बाजूला ठेवली तरी निवाऱ्याची अडचण वेगळीच आहे. बहुतेक ठिकाणी पुरुष वेगळे, बायका वेगळ्या. नवरा एका वॉर्डात, बायको-मुलं दुसऱ्या वॉर्डात, असा निवारा कुठलं कुटुंब घेईल? हातगाडी आत नेता येत नाही. भंगाराचं पोतं बाहेर ठेवलं तर सकाळपर्यंत जातं. पहाटे चारला दादरच्या फुलबाजारात पोचायचं असेल तर अंधेरीचा निवारा काय कामाचा? पावसाळ्यात, आजारपणात, रात्री एकट्या बाईला निवारा हवाच, आणि जास्तच हवा. पण तिथून पुढे जायला काही नसलं की तोच कायमचा मुक्काम होऊन बसतो.

शहरात घरंच कमी आहेत, मग द्यायची कुठून?

२०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत जनगणनेच्या आधारे दिलं होतं की देशात सर्वात जास्त रिकामी घरं मुंबईत आहेत, सुमारे ४.८ लाख. या प्रत्येक घरात उद्या माणूस ठेवता येईल असं नाही. काही वादात आहेत, काही ओसीविना (राहायच्या परवानगीविना) पडली आहेत, काही मोडकळीला आली आहेत. तरी ५७ हजार माणसं आणि पावणेपाच लाख कुलपं हे दोन आकडे शेजारी ठेवले की ‘घरं नाहीत’ हे उत्तर टिकत नाही.

घर रिकामं का राहतं, ते मालकाच्या बाजूनेही बघायला हवं. मुंबईत घराच्या किमतीच्या मानाने भाडं वर्षाला दोन-तीन टक्के सुटतं. १९४७ च्या भाडे कायद्याच्या आणि पागडीच्या आठवणी घराघरांत आहेत. ‘भाडेकरू घुसला की निघत नाही’ ही भीती कायदा बदलून पंचवीस वर्षं झाली तरी गेलेली नाही. दोन टक्क्यांसाठी डोक्याला ताप कशाला, म्हणून लोक कुलूप लावतात. भागीदारीची सगळी कारागिरी या एका भीतीवर उपाय काढण्यात आहे.

एसआरएमध्ये फुकट घर मिळतंच ना?

झोपडपट्टी पुनर्वसन योजना (एसआरए) १९९५ ची. आज ३०० चौरस फुटांचं घर मिळतं, ते १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीधारकाला मोफत. २००० ते २०११ मधल्यांसाठी २०२३ मध्ये अडीच लाख रुपये किंमत ठरली. गंमत अशी की नियमावलीत फुटपाथवासीही धरलेले आहेत. पण परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे पात्र लोकांच्या यादीत, नाव येण्यासाठी त्या तारखेचा पुरावा लागतो. महापालिकेच्या गाडीने दर दोन-चार महिन्यांनी सामान उचलून नेलं, तर १९९९ चं वीजबिल आणायचं कुठून? लोक कागद दुधाच्या जाड पिशवीत गुंडाळून, वर सुतळी बांधून ठेवतात. कारवाईच्या दिवशी गॅस-शेगडीच्या आधी बाई ती पिशवी छातीशी धरते. ती पिशवी ट्रकमध्ये गेली की घर गेलं.

शिवाय ही योजना विक्रीच्या इमारतीच्या नफ्यावर चालते. बिल्डरला परवडेल तिथेच ती येते आणि रस्त्याकडेच्या दीडशे फूट पट्टीवर काही परवडत नाही. फुटपाथवरच्यांना म्हणून दुसरीकडेच हलवावं लागतं. ते नीट झाल्याचं एक जुनं उदाहरण म्हणजे मानखुर्दचं मिलन नगर. भायखळा परिसरातल्या फुटपाथवासीयांची १९८५ मध्ये स्पार्क या संस्थेने माणूस-माणूस मोजून गणना केली. त्याच भागातल्या बायकांतून महिला मिलन ही संघटना उभी राहिली. रोज रुपया-दोन रुपये बचत करत, आपल्या घराचा नकाशा आपणच कापडाने आखून बघत त्या बायका सहकारी सोसायटीपर्यंत पोचल्या. वेळ लागला, वर्षानुवर्षं लागला. पण घर मिळाल्यावर सोसायटी चालवायची कशी, हे त्यांना फुटपाथवर असतानाच येऊ लागलं होतं.

म्हाडाची सोडत आणि बिल्डरच्या २० टक्के घरांचं काय?

राज्याने २०१३ मध्ये नियम केला: दहा लाखांहून जास्त वस्तीच्या महापालिकांत चार हजार चौरस मीटर किंवा मोठ्या भूखंडावर बांधताना २० टक्के हिस्सा आर्थिक दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी. ही घरं म्हाडाच्या सोडतीत येतात. पुणे मंडळाच्या जाहिरातीत ती नेहमी दिसतात. पळवाटही तितकीच परिचित आहे. भूखंड कागदोपत्री तोडून प्रत्येक तुकडा चार हजारांच्या आत बसवायचा. नाशिकमध्ये ही घरं म्हाडाकडे न आल्यावरून २०२२ मध्ये मोठा गदारोळ झाला होता.

बेघराला सोडतीचा उपयोग जवळजवळ शून्य. अर्जालाच आधार, पॅन, महाराष्ट्रातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा अधिवास दाखला, उत्पन्नाचा पुरावा लागतो. नंबर लागलाच तर बँकेचं कर्ज. रोजंदारीच्या माणसाला बँक दारात उभी करत नाही. सोडत वाईट आहे असं नाही, ती रांगेत दहा पावलं पुढे असलेल्यांसाठी आहे.

सरकारने भाड्याची घरं का बांधली नाहीत?

बांधली! या विषयातला सर्वात शिकवणारा भाग हाच आहे, आणि याबद्दल कमी बोललं जातं.

एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) २००८ मध्ये भाड्याच्या घरांची योजना आणली. खासगी जमिनीवर बिल्डरला चार एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या चौपट बांधकाम. त्यातल्या एकात १६० चौरस फुटांच्या खोल्या बांधून एमएमआरडीएला द्यायच्या, उरलेल्या तिनात विक्रीची घरं. कल्पना चांगली होती: शहरात नव्याने आलेल्या माणसाने झोपडी बांधण्याऐवजी इथे भाड्याने राहावं. पण खोल्या तयार झाल्यावर प्रश्न पडला, भाडं गोळा कोण करणार? नळ गळला तर कोण बघणार? भाडं थकलं तर बाहेर कोण काढणार? एमएमआरडीएची माणसं रस्ते-पूल बांधणारी. चाळीचं भाडं गोळा करणारा भय्याजी होण्यात त्यांना रस नव्हता. २०१३ मध्ये योजनेचं स्वरूपच बदललं. तयार खोल्यांची वाट कुठे लागली ते पनवेलजवळच्या कोनला बघा. दोन-दोन खोल्या जोडून ३२० फुटांची घरं केली आणि अशा २,४१७ घरांची डिसेंबर २०१६ मध्ये गिरणी कामगारांसाठी सोडत काढली. गिरणी कामगारांना घर मिळालंच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण त्यांनाही ताबा मिळायला वर्षं गेली, मधे कोविडमध्ये त्या इमारती विलगीकरणासाठी घेतल्या. आणि भाड्याची खोली ज्याच्यासाठी काढली होती तो राहिला पुलाखालीच.

दुसरा प्रयत्न २०२० चा. टाळेबंदीत मजूर पायी गावी निघाले, ते चित्र सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या संकुलांची योजना काढली. जुन्या योजनांत बांधून रिकामी पडलेली सरकारी घरं पंचवीस वर्षांच्या कराराने चालवायला द्यायची, किंवा खासगी मालकाने स्वतःच्या जमिनीवर बांधायची. चंदीगडने आपली २,१९५ घरं यात आणली. बाकी बहुतेक शहरांत हालचाल संथ राहिली. सप्टेंबर २०२४ पासूनच्या पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये भाड्याच्या घरांचा भाग आहे आणि राज्याचं २०२५ चं ‘माझे घर, माझा अधिकार’ धोरणही पाच वर्षांत ३५ लाख घरांचं लक्ष्य सांगतं. बांधकामाचा आकडा प्रत्येक धोरणात असतो. बांधल्यावर रोजचं घर चालवणार कोण, हे वाक्य शोधावं लागतं.

मग स्थानिक भागीदारी म्हणजे नेमकं काय करायचं?

तीन टोकं जोडायची. फ्लॅटमालक, मधली संस्था आणि राहणारं कुटुंब.

मालक आपली खोली किंवा वन-आरके संस्थेला लिव्ह अँड लायसन्सवर (ठरावीक मुदतीच्या वापराच्या करारावर) देतो. भाडं आणि डिपॉझिट संस्था भरते, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, खोली भरलेली असो वा नसो. संस्था तिथे कुटुंब ठेवते, त्यांच्याकडून झेपेल एवढं भाडं घेते, फरक देणगीतून किंवा सीएसआरमधून भरते. नळ, लाइट, भांडण, शाळा, आधार कार्ड हे सगळं बघायला तिचा एक माणूस असतो. मालकाला फोन फक्त संस्थेचा येतो.

हिशेब करून बघू. समजा विरार किंवा अंबरनाथकडे खोलीचं भाडं सात हजार आहे. घरकाम आणि बिगारीवर जगणारं कुटुंब तीन हजार देऊ शकतं. फरक चार हजार, वर्षाला ४८ हजार. त्यात डिपॉझिट अडकतं आणि माणसाचा पगार वेगळा. एका कुटुंबामागे एक माणूस ठेवता येणार नाही, पण पंचवीस-तीस खोल्या झाल्या तर एक पूर्णवेळ कार्यकर्ता बसतो. हे काम दोन खोल्यांवर महाग पडतं आणि तीस खोल्यांवर जमतं, ते यामुळे.

फिनलंडमध्ये वाय-सॅटिओ ही संस्था १९८५ पासून साधारण हेच करते. सामान्य इमारतींमधले सुटे फ्लॅट विकत घ्यायचे आणि बेघरांना भाडेकरू म्हणून द्यायचे. ‘आधी दारू सोड, नोकरी लाव, मग घर’ असली अट तिकडे २००८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाने बाजूला सारली. घर आधी, बाकीची मदत घरात बसून. तिथल्या सरकारकडे पैसा आणि स्वस्त भाड्याची सार्वजनिक घरं दोन्ही आहेत, ते आपल्याकडे नाही. सुटे फ्लॅट घेण्याची युक्ती मात्र आपल्याला जास्त लागू पडते. एकाच इमारतीत शंभर बेघर कुटुंबं ठेवली की ती इमारत पहिल्या दिवसापासून ‘त्यांची बिल्डिंग’ होते.

फ्लॅट दिला तर परत मिळेल ना?

करार नोंदलेला असेल तर मिळेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदला नाही तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी ग्राह्य धरल्या जातात, वर मालकाला दंड किंवा कैद. कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर राहणाऱ्याने जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि त्या काळासाठी दुप्पट दराने पैसे लागतात. खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के (डिपॉझिटवर व्याज धरून), नोंदणी फी महापालिका हद्दीत एक हजार. पोलीस ठाण्यात माहिती द्यायची ती वेगळी.

करारात दोन गोष्टी ठळक लिहून घ्या. वापर फक्त राहण्यासाठी. आणि मुदत संपताना जागा रिकामी करून द्यायची जबाबदारी संस्थेची, राहणाऱ्या कुटुंबाकडे बोट दाखवायचं नाही.

सोसायटी ‘असले लोक’ नको म्हणाली तर?

म्हणतेच. आदर्श उपविधींनुसार सभासदाने फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीला कळवायचं असतं आणि कराराची प्रत द्यायची असते. परवानगीसाठी वर्षभर हात जोडत बसायचं नसतं. बिनभोगवटा शुल्कही (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर नेता येत नाही, तसा २००१ चा शासन आदेश आहे. तरी कायदा दाखवून शेजार मिळत नाही.

२०२१ चं करी रोडचं प्रकरण आठवा. टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार घेणाऱ्या बाहेरगावच्या पेशंटांच्या नातेवाइकांसाठी म्हाडाने तिथल्या दोन सोसायट्यांमधले शंभर फ्लॅट हॉस्पिटलला दिले. म्हणजे सरकारी घरं, नामांकित हॉस्पिटल, कॅन्सरचे पेशंट. याहून सरळ भागीदारी काय असणार? रहिवाशांनी विरोध केला. आमच्या इमारतीत सतत नवी माणसं येणार, संसर्ग, लिफ्टवर ताण, आम्हाला कुणी विचारलं नाही. निर्णयाला स्थगिती आली आणि लगोलग बॉम्बे डाइंगच्या जागेतली शंभर घरं पर्याय म्हणून पुढे आली. पेशंटांसाठी पर्याय निघाला हे चांगलंच झालं. पण रहिवाशांच्या चार हरकतींपैकी ‘आम्हाला विचारलं नाही’ ही खरी होती, बाकीच्या तिच्या पोटातून आल्या असाव्यात असं मला वाटतं.

म्हणून कुटुंब येण्याआधी कमिटीला भेटा. कार्यकर्त्याचा नंबर वॉचमनकडे आणि सेक्रेटरीकडे द्या. मेंटेनन्स मालकाकडून वेळेवर जातोय ना, बघा. थकलेला मेंटेनन्स हे विरोधाचं सर्वात सोपं निमित्त असतं. आणि कुटुंबाची सगळी कर्मकहाणी सोसायटीला सांगू नका. ‘संस्थेचे भाडेकरू आहेत’ एवढं पुरे. बाकीच्या भाडेकरूंचा भूतकाळ कुठे कोण विचारतं?

मी छोटा बिल्डर आहे. माझा यात काय फायदा?

दानधर्म म्हणून आलात तर एक वर्षात कंटाळाल, व्यवहार म्हणून बघा. टाउनशिपच्या टोकाला न विकलेल्या वन-आरके असतील तर त्यांवर मेंटेनन्स आणि कर चालूच असतो. संस्थेला तीन-पाच वर्षांसाठी दिल्या तर भाडं ठरलेलं आणि भाडेकरू शोधायचा त्रास नाही. २० टक्क्यांची घरं वेळेवर आणि पूर्ण करून म्हाडाकडे द्या, तुकडे पाडू नका. सध्या एवढं केलं तरी पुष्कळ.

रिडेव्हलपमेंटला गेलेल्या, पाडायच्या इमारतीत ‘तोवर राहू देत’ असं मात्र कृपा करून करू नका. धोकादायक इमारतीत माणसं ठेवणं हा गुन्हा आहे, आणि बाहेर काढायची वेळ आली की पुन्हा तोच तमाशा.

कंपनीचा सीएसआर यात बसतो का?

बसतो. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ७ मध्ये महिला आणि अनाथांसाठी घरं, वसतिगृहं, वृद्धाश्रम आणि झोपडपट्टी भागाचा विकास हे स्पष्ट लिहिलेलं आहे. अडचण कंपन्यांच्या आवडीची असते. त्यांना फीत कापायला इमारत लागते, फलक लागतो. भाड्याचा फरक, डिपॉझिट, कार्यकर्त्याचा पगार यावर फलक लावता येत नाही. या कामाला नेमके तेच पैसे लागतात, आणि तीन वर्षांची हमी लागते. मार्चअखेर शिल्लक संपवायला दिलेल्या पैशाने कुणाचं घर चालत नाही.

शहराबाहेर स्वस्तात घर दिलं तर काय बिघडतं?

चेंबूरजवळच्या माहुलला जाऊन बघा, ते तर शहराच्या हद्दीतच आहे. मुंबईच्या प्रकल्पग्रस्तांना रिफायनऱ्यांच्या शेजारी घरं दिली. हवेचा, पाण्याचा, आजारपणाचा प्रश्न इतका वाढला की सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथे जायला भाग पाडू नका, घरभाड्यासाठी महिना १५ हजार आणि डिपॉझिटचे ४५ हजार द्या, असा आदेश दिला. घरं रिकामी राहिली. २०२५ मध्ये महापालिकेने ती १२.६० लाखांना आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली, त्यांनीही फारशी घेतली नाहीत. हजारो घरं बांधून तयार आहेत आणि शहरात लोक रस्त्यावर आहेत, तरी दोन्ही एकमेकांना जुळत नाहीत.

१९८५ च्या गणनेत दिसलं होतं की फुटपाथवरचे बहुतेक लोक कामाला चालत जातात. त्याच वर्षीच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, तो याच मुंबईतल्या फुटपाथवासीयांच्या बाबतीत. रोज दोनशे-तीनशे कमावणाऱ्या माणसाला लोकलचा पास आणि रिक्षा मिळून पन्नास गेले तर तो शुक्रवारी फुटपाथवर परत येणार. घराची जागा शोधताना भाड्याआधी हा हिशेब करा.

महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर जमलेलं काही आहे का?

सोलापूर. विडी कामगार बायकांनी सहकारी सोसायटी करून, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारीला आधी गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली. दहा हजारांवर घरं. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते चाव्या दिल्या गेल्या. मग रे नगर: ३० हजार घरांचा प्रकल्प, पंतप्रधान आवास योजनेतून. पहिल्या १५ हजार घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिला गेला. लाभार्थ्यांत विडी कामगार, यंत्रमाग कामगार, फेरीवाले आणि कचरावेचकही आहेत. लाल बावट्याचा पुढाकार आणि दोन वेगवेगळ्या पक्षांच्या पंतप्रधानांच्या हातून चाव्या, असं महाराष्ट्रात दुसरीकडे घडलेलं मला आठवत नाही.

का जमलं? लोक घराच्या आधी संघटित होते आणि सोसायटी आधी झाली. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख याच्या वरची रक्कम सभासदाची, म्हणून बांधकाम निकृष्ट झालं तर विचारायला माणूस होता. आणि विडी घरीच वळली जाते. पानं-तंबाखू आणायची, वळलेल्या विड्या पोचवायच्या, मधला दिवस घरात. त्यामुळे शहराबाहेर गेल्यावरही काम तुटलं नाही. मुंबईच्या नाका कामगाराला कुंभारीसारखी वसाहत दिली तर ती रिकामी पडेल. नकाशा उचलून न्यायचा नाही, सोसायटी आधी उभी करायची पद्धत घ्यायची.

मानसिक आजार असलेल्यांना भाड्याच्या घरात ठेवता येतं?

येतं. चेन्नईची द बनियन ही संस्था मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं अडकलेल्या बायकांना चार-पाचजणींच्या गटाने साध्या वस्तीतल्या भाड्याच्या घरात ठेवते. सोबतीला मदतनीस असते. महाराष्ट्रात रत्नागिरीतही त्यांचं हे काम आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ समाजात राहण्याचा हक्क देतोच. या गटासाठी मदतनीसाशिवाय नुसती चावी देऊ नका.

ज्यांच्याकडे एकही कागद नाही त्यांचं काय?

मतदार नोंदणीपासून सुरुवात करा, हे फारच कमी लोकांना माहीत असतं. बेघर माणसाच्या बाबतीत पत्त्याचा कागद नसला तरी चालतो. अर्जात झोपायची जागा लिहायची आणि मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री तिथे जाऊन, एकाहून जास्त वेळा, तो माणूस खरंच तिथे झोपतो का ते बघतो. आधारसाठी मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या अधीक्षकाचं प्रमाणपत्र चालतं. दोन्ही हातात आले की बँक खातं आणि मग रेशनकार्ड. नोंदलेल्या लिव्ह अँड लायसन्स करारात कुटुंबाचं नाव घातलं असेल तर तोही पत्त्याचा पुरावा होतो. भागीदारीतल्या खोलीचा हा मोठा फायदा आहे: अकरा महिने छप्पर मिळतं आणि त्यातच पुढच्या योजनेचे कागद तयार होतात.

भीक मागताना पकडतात म्हणे. मग हे लोक समोर येतील का?

मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा १९५९ चा अजून लागू आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये त्यातली मुख्य कलमं रद्द केली, पण ती दिल्लीपुरती. फुले विकणारी बाईही कधीकधी भिकारी पकडायच्या गाडीत जाते. त्यामुळे पहिल्या भेटीत रजिस्टर उघडून नावं लिहू नका, फोटो काढू नका.

आज रात्री एखादी व्यक्ती रस्त्यावर अडचणीत दिसली तर?

लहान मूल असेल तर १०९८. बाई असेल तर १८१. वृद्ध असेल तर रात्री आठपर्यंत १४५६७, त्यानंतर ११२. जिवाला धोका असेल तर ११२. फोन लागेपर्यंत तिथेच थांबा आणि त्या माणसाचं सामान त्याच्याबरोबरच जाईल, हे नीट बघा. त्यात कागदांची पिशवी असू शकते.